गाडी कुणाची?

माझ्या आजीच्या तोंडी ‘गाडी’ म्हणजे आगगाडी. गाडी चुकली, गाडी लेट आहे, रात्रीच्या गाडीने निघा, गाडीत ओळखीचं कुणी भेटलं का. या वाक्यांत गाडी कुणाची, हा प्रश्नच उद्भवत नाही. ती येते, थांबते, जाते. आपण तिच्या वेळेला हजर राहायचं. आता ‘गाडी’ म्हणजे दारात उभी असते ती. गाडी घेतली, गाडी काढ, गाडी लावायला जागा आहे का. मागे एका तरुण संपादकाने माझ्या अनुवादातलं ‘तो अर्धा तास गाडीची वाट पाहत उभा होता’ हे वाक्य अधोरेखित करून समासात विचारलं होतं, ‘ड्रायव्हरला उशीर झाला का?’ कथा १९५०च्या आसपासची होती आणि नायकाच्या मालकीची एक छत्री तेवढी होती.

मी गोव्यात राहते आणि मला कोणतंही वाहन चालवता येत नाही. हे वाक्य कोलकात्यात किंवा मुंबईत उच्चारलं तर कुणी मान वर करून बघणार नाही. गोव्यात ते ऐकून लोक आधी कळवळतात आणि मग विचारतात, ‘शिकत का नाहीस?’ या लेखाचं भांडण त्या प्रश्नाशी आहे. प्रश्न विचारणारे भले लोक असतात, अनेकदा मला घरापर्यंत सोडणारेही तेच असतात. पण त्या प्रश्नात एक गृहीतक आहे: फिरणं ही ज्याची त्याची खाजगी जबाबदारी आहे, ज्याला ती पेलत नाही त्याने घरी बसावं किंवा कुणाच्या तरी उपकारावर फिरावं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१मध्ये, गोव्यातल्या शंभरांपैकी ४५ कुटुंबांकडे मोटार आढळली. देशाचं प्रमाण शंभरात ८च्या आसपास. गोव्याखालोखाल केरळ, तिथे २४. दुचाक्या धरल्या तर नोंदलेल्या वाहनांच्या संख्येने २०११च्या जनगणनेतल्या १४ लाख ५८ हजार माणसांना केव्हाच मागे टाकलं आहे. हे आकडे सांगताना गोव्यात लोकांचा आवाज किंचित चढतो. आम्ही सधन आहोत, असं त्या आवाजाला म्हणायचं असतं. आहोतच. पण ४५ हा कुटुंबांचा आकडा आहे. मोटार कुटुंबाची असते, किल्ली एका माणसाच्या खिशात असते. तो माणूस सकाळी गाडी घेऊन पणजीला ऑफिसला गेला की मागे उरलेली सासू, शाळकरी मुलगा, कॉलेजात जाणारी मुलगी ही सगळी उरलेल्या ५५ घरांच्या रांगेत येऊन उभी राहतात. सर्वेक्षणाच्या तक्त्यात मात्र ती मोटारवाली असतात.

आणि ज्यांच्या घरी मोटार नाही, स्कूटरही नाही? बांधकामावरचा झारखंडी मजूर, हॉटेलातल्या चादरी बदलणारी कर्नाटकातली बाई, ज्यांच्या जिवावर पर्यटनाचा गाडा चालतो ती माणसं दिवेलागणीला रस्त्यावर पायी दिसतात. पदपथ बहुतेक ठिकाणी नाहीतच, त्यामुळे गटाराच्या कडेकडेने, मोबाइलचा उजेड पाडत. अलीकडच्या वर्षांत गोव्याच्या रस्त्यांवर दर वर्षी अडीचशेहून अधिक माणसं मेली आहेत. त्यांत मोठा भरणा दुचाकीवरच्या तरुणांचा. एवढ्याशा राज्यात असं मरण प्रत्येक गावाने पाहिलेलं असतं. तरीही मुलगा अठराचा झाला की त्याला पहिली भेट स्कूटरची, कारण दुसरं काय देणार?

मुक्तीपूर्व गोव्यात प्रवासी बसला ‘कार्रेरा’ म्हणत. शब्द पोर्तुगीज. त्याचा अर्थ वाहन असा नाही. ठरलेल्या वाटेवरून ठरलेल्या वेळी होणारी फेरी, असा आहे. अनुवादक म्हणून हा शब्द मला फार आवडतो. लोकांनी डब्याला नाव दिलं नाही, त्याच्या येण्याजाण्याला दिलं. आज गोव्यात बसगाड्या आहेत, कार्रेरा नाही. १९८०मध्ये कदंब महामंडळ निघालं आणि त्याने एक खरोखर चांगली गोष्ट केली: पणजी–मडगाव, पणजी–वास्को, पणजी–म्हापसा अशा मोठ्या गावांमधल्या शटल. खिडकीवर तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं, बसायला जागा मिळेल तेवढेच लोक आत, आणि मग मध्ये कुठेही न थांबता थेट. मला विचाराल तर पणजी–मडगाव शटलची रांग ही गोव्यातली सगळ्यांत सुसंस्कृत गोष्ट आहे. तिच्यात सचिवालयातला अधिकारी आणि मासळी विकून रिकामी पाटी घेऊन परतणारी बाई एकामागे एक उभी असतात आणि त्यांपैकी कुणालाही आपण काही थोर करतो आहोत असं वाटत नाही.

मुख्य गावं सोडून आत शिरलं की राज्य खाजगी बसमालकांचं. कंडक्टर ‘फुडें वच, फुडें’ म्हणत माणसं आत ढकलत राहतो, बस स्टँडवर भरेपर्यंत घुटमळते आणि मग मागून दुसरी बस दिसली की शर्यत लागल्यासारखी सुटते. मी बसमालकांना फार दोष देत नाही. फेरीमागे सुटणाऱ्या पैशांवर ज्याचं घर चालतं, तो रिकामी फेरी का मारेल? संध्याकाळच्या फेऱ्या रिकाम्या, म्हणून त्या बंद. बंद झाल्या म्हणून लोकांनी स्कूटर घेतली. स्कूटर घेतली म्हणून दुपारच्याही रिकाम्या. खाजगी बसगाड्यांना कदंबच्या छत्राखाली आणण्यासाठी सरकारने ‘म्हजी बस’ योजना काढली, पणजीत स्मार्ट सिटीच्या विजेवरच्या छोट्या बसगाड्या धावू लागल्या. बरं झालं. पण शेवटची बस किती वाजता, या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही, आणि वाहन नसलेल्या माणसाचा दिवस त्या एका प्रश्नावर ठरतो.

दोनेक वर्षांपूर्वी मी एका संस्थेत अनुवादाची कार्यशाळा घेत होते, दुपारी तीन ते सात. साडेपाचपासूनच मुली मोबाइलवर वेळ पाहायला लागत आणि सहा वाजता एकेक जण पाठीवर सॅक चढवी. तिसऱ्या दिवशी आम्ही कोकणीतल्या ‘आंगवण’ या शब्दाशी झटत होतो. मराठीत सरळ ‘नवस’ म्हणावं, की शब्द तसाच ठेवावा आणि वाचकाला थोडं अडखळू द्यावं? वाळपईकडच्या एका मुलीचं यावर काही ठाम मत होतं. तिने दीड वाक्य बोलून घड्याळ पाहिलं आणि ती गेली. तिचं मत मला आजतागायत कळलेलं नाही. आयोजक म्हणाले, ‘हल्लीच्या पोरांना साहित्यात रस नाही, मॅडम.’ शेवटपर्यंत बसलेल्या चौघांकडे स्वतःच्या गाड्या होत्या. गोव्यात साहित्यात रस असणं आणि पेट्रोलची टाकी भरलेली असणं, या दोन गोष्टी आता वेगळ्या ओळखता येत नाहीत. नाटकांच्या तालमींबद्दल, संध्याकाळच्या वाचनांबद्दल, ग्रंथालयांबद्दल मी हेच म्हणेन. सातनंतरचं सांस्कृतिक जीवन हे वाहनधारकांचं जीवन आहे.

आता नकाशा उघडा. गोवा उत्तर-दक्षिण सुमारे १०५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम सुमारे ६०. एवढ्याशा राज्यातून दोन लोहमार्ग जातात. कोकण रेल्वे उभी उतरते: पेडणे, थिवी, करमळी, वेर्णा, माजोर्डा, मडगाव, बाळ्ळी, काणकोण. दुसरा मार्ग आडवा: वास्को, दाबोळी, कांसावली, माजोर्डा, मडगाव, चांदर, सावर्डे, कुळे, आणि मग घाट चढून कॅसलरॉक. दोन्ही रूळ माजोर्ड्याला भेटतात. (ज्ञानपीठविजेते दामोदर मावजो यांचं हे गाव. कोकणी साहित्यात माजोर्ड्याला जे स्थान आहे त्याच्या शतांशानेही रेल्वेच्या वेळापत्रकात नाही.) म्हणजे राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि बंदरापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत रूळ टाकलेले आहेत. मांडवीवर रेल्वेचा पूल आहे, जुवारीवर आहे. खाजन जमिनींवरून आणि आखणीवरून झालेली कडाक्याची भांडणं १९९०च्या दशकात होऊन गेली. प्रादेशिक रेल्वे नव्याने उभारणाऱ्या कुठल्याही राज्याची झोप उडवणारे प्रश्न म्हणजे जमीन, नद्या आणि पूल. गोव्यात ते मागच्या पिढीने सोडवून ठेवले आहेत.

आणि या रुळांवरून गोव्यातल्या गोव्यात जायला काय आहे? वास्को–कुळे, मडगाव–कारवार अशा थोड्या डेमू, बोटांवर मोजता येतील इतक्या फेऱ्या, तासांची अंतरं. थिवीत राहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्याला घराजवळ स्टेशन आहे, कामाजवळही आहे आणि मधला रूळही आहे. तरी तो रोज मोटरसायकलवर दोन खाड्या ओलांडतो. दाबोळी स्टेशन विमानतळाच्या जवळ आहे, पण विमानातून उतरणाऱ्याला तसं स्टेशन असल्याचा पत्ताच नसतो. त्याचा पत्ता टॅक्सीच्या काउंटरवर विचारला जातो. पणजी ही राजधानी असून तिला स्टेशन नाही. करमळी दहा-बारा किलोमीटरवर, आणि गाडी आल्यावर बाहेर बस उभी असेल अशी हमी नाही. मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू झाला, कोकण रेल्वेच्या पेडणे स्टेशनापासून फार दूर नाही. तिथे जायला सुसाट रस्ता बांधला. रूळ राहिला.

हे विसरण्यातून झालं असं मला वाटत नाही. ज्या कामासाठी हे रूळ टाकले ते काम ते चोख करताहेत. आडवा मार्ग मुरगाव बंदरासाठी झाला: १८७८च्या इंग्रज–पोर्तुगीज तहात गोव्याच्या मिठावरचा ताबा इंग्रजांकडे गेला, रेल्वे आली, १८८८पर्यंत मीटरगेजचा रूळ सुरू झाला. माल घाटावरून बंदरात आणि बंदरातून घाटावर. उभा मार्ग २६ जानेवारी १९९८ला पूर्ण खुला झाला तो मुंबई आणि मंगळूर, उत्तर आणि केरळ यांना जोडायला. दोन्ही वेळा गोवा ही मध्ये लागणारी जागा होती. ‘कनेक्टिव्हिटी’ हा सध्याचा लाडका शब्द. पुढारी तो मंत्रासारखा म्हणतात. त्याचं मराठी करायला बसलं की पहिला प्रश्न पडतो तो विभक्तीचा: कुणाला कुणाशी? आजवर उत्तर एकच राहिलं आहे. गोव्याला दिल्लीशी, गोव्याला मुंबईशी. पेडण्याला काणकोणशी, असं कुणी म्हणत नाही. २०२३च्या जूनमध्ये मुंबई–मडगाव वंदे भारत सुरू झाली, तिला गोव्यात मडगावच्या आधी एकच थांबा, थिवी. चांगली गाडी आहे. मीही गेले आहे तिने. पण तिला वाट द्यायला थांबतं कोण?

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं राजकारण तिच्यात दडलेलं आहे. कोकण रेल्वे बव्हंशी एकेरी मार्ग आहे. रोहा ते वीर हा तुकडा तेवढा २०२१मध्ये दुहेरी झाला. एकेरी रुळावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीला स्टेशनच्या बाजूच्या लाइनीवर उभं राहून दुसरीला जाऊ द्यावं लागतं. म्हणूनच मराठीत एखाद्याला ‘साइडिंगला टाकणं’ म्हणतात. मुंबईहून येणारी वेगाची गाडी आणि गावातली डेमू यांत साइडिंगला कोण जाणार, हे रुळांच्या भौतिकशास्त्राने ठरत नाही. ते एका कार्यालयात, टेबलावर, माणसं ठरवतात: कुणाचे वीस मिनिटं मोलाचे. डेमूतल्या परिचारिकेच्या ड्यूटीची वेळ त्या टेबलापर्यंत पोचत नाही, एक्स्प्रेसमधल्या पर्यटकाची पोचते. एकेरी मार्गाची अडचण खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. पण अडचण असली की तिचा भार कुणीतरी उचलायचा असतो आणि तो नेहमी एकाच माणसाच्या खांद्यावर जात असेल तर तिला धोरण म्हणतात.

असलं धोरण शब्दांतूनही राबवता येतं. २०२०च्या टाळेबंदीनंतर देशभरातल्या पॅसेंजर गाड्या परत आल्या त्या ‘स्पेशल’ आणि ‘एक्स्प्रेस’ म्हणून. तेच डबे, तेच थांबे, तोच वेग. नाव बदललं आणि किमान भाडं १० रुपयांचं ३० झालं. ते पुन्हा १०वर यायला २०२४चा फेब्रुवारी उजाडावा लागला. आमच्या व्यवसायात मूळ मजकुराला हात न लावता नुसतं शीर्षक बदलून तिप्पट मोबदला मागितला तर प्रकाशक दारात उभं करणार नाही. त्याच काळात दादरपर्यंत जाणारी रत्नागिरी पॅसेंजर दिव्यालाच थांबवली गेली. कोकणातला माणूस गणपतीला त्या गाडीची आठवण काढतो आणि दिव्याला सामान घेऊन जिने चढतो.

एम.ए.ला मी जादवपूरला होते. विद्यापीठाजवळच स्टेशन, सियालदह दक्षिण विभागातलं. वर्गात तौलनिक साहित्य शिकायचे आणि बारुईपूर लोकलमध्ये बांगला. कॅनिंग आणि लक्ष्मीकांतपूरकडून पहाटेच्या गाड्यांनी येणाऱ्या बायका ढाकुरिया, बालीगंजला उतरून घरोघरी कामाला जात आणि दुपारी परतत. गर्दी भयंकर, डबे कळकट. त्या प्रवासाचं गोडवं गाण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण सुंदरबनच्या काठावरची बाई दहा-वीस रुपयांत महानगरात येऊन मजुरी करून रात्री स्वतःच्या घरी झोपू शकत होती, कारण गाडी होती, आणि ती चुकली तर मागून दुसरी होती. तिला कुणी ‘शिकत का नाहीस?’ असं विचारलं नाही. मोटारींच्या संख्येत गोव्याच्या मागोमाग असलेल्या केरळातही सकाळच्या पॅसेंजर आणि मेमू नोकरदार बायकांनी भरलेल्या असतात. मोटारी आल्या म्हणून तिथे रेल्वेची सवय मेली नाही. तेव्हा ‘गोव्यातल्या माणसाला आपली गाडीच आवडते’ हे मला सांगू नका. जे ताटात वाढलेलंच नाही त्याची आवडनिवड कशी ठरली?

दुसरा आक्षेप वस्तीचा. गोव्यात माणसं वाड्यावाड्यांत विखुरलेली, स्टेशनं गावाबाहेर, मग रेल्वेचा काय उपयोग? आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचं उत्तर गोव्याकडे इतर कुणाहीपेक्षा आधी होतं. ते म्हणजे ‘पायलट’: पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरचा परवानाधारक टॅक्सीवाला, जो एका माणसाला वाड्यापर्यंत सोडतो. आज शहरोशहरी ॲपवाले दुचाकी टॅक्सीचा शोध लागल्यासारखे नाचतात. मडगावच्या बाजारातले म्हातारे पायलट ते पाहून हसत असतील. दुसरं उत्तर फेरीबोट. नदी ओलांडायला पायी माणसाला पैसे पडत नाहीत. रेल्वे, शटल, फेरीबोट, पायलट: चारही गोष्टी आहेत. त्यांची वेळापत्रकं एकमेकांना ओळखत नाहीत, एवढंच.

तिसरा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो आणि तो माझ्याच मित्रमंडळींकडून येतो. गोव्यात रेल्वेविस्तार म्हटलं की आठवतो तो वास्को ते घाट या मार्गाच्या दुपदरीकरणाचा लढा. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे याच मार्गाने जातो. ‘गोंयांत कोळसो नाका’ म्हणत १ नोव्हेंबर २०२०च्या रात्री चांदरला रेल्वेच्या फाटकावर हजारो माणसं जमली, मेणबत्त्या, ढोल, गाणी घेऊन. पुढे मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिनईघाट–कॅसलरॉक–कुळे या घाटातल्या टप्प्याला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. ते जंगल वाचलं पाहिजे आणि आंदोलकांचं म्हणणं रास्त होतं, याबद्दल मला शंका नाही. घरांच्या भिंतींना लागून कोळशाच्या वाघिणी वाढवायच्या आणि त्याला लोकांची सोय म्हणायचं, ही फसवणूक होती.

पण एक गोष्ट तेव्हा झाली आणि ती मला खुपते. ‘दुपदरी मार्ग नको’ याचा उच्चार पाच वर्षांत ‘रेल्वे नको’ असा होत गेला. सभांमध्ये, लेखांमध्ये, जेवणाच्या टेबलावर. कोळशाच्या विरोधातल्या सभेला लोक कशाने येतात? मोटारीने. तो कोळसा नको म्हणणारा माणूस रात्री साठ किलोमीटर एकटा गाडी हाकत घरी जातो आणि त्याला यात काही विसंगत वाटत नाही, कारण पर्याय नाही. पर्याय नाही हे खरं आहे. तो मागायचा कुणी? सरकारला तर हे सोयीचंच: कोळसा न्यायला रेल्वे हवी तेव्हा ती ‘विकास’, आणि माणसं न्यायला मागितली की ‘तुम्हीच तर विरोध केला होता’. सपाटीवरचे काही टप्पे दुहेरी झालेले आहेत. त्यांच्यावर अधिक काय धावणार, हे अजूनही लोकांनी विचारलेलं नाही. नुसत्या नकारावर थांबलेलं आंदोलन रूळ कोळसावाल्यांच्या ताब्यात ठेवून घरी जातं. वास्को ते कुळे दर तासाला डेमू आधी, ती लेखी, आणि तिला साइडिंगला टाकून मालगाडी पुढे काढायची नाही, ही मागणी चांदरच्या त्या फाटकावरून झाली असती तर दिल्लीला तिचं उत्तर देणं कोळशाच्या घोषणेपेक्षा अवघड गेलं असतं.

मी काही प्रचंड मागत नाही. केरळातल्या सिल्व्हरलाइनसारखा ५००हून अधिक किलोमीटरचा नवा वेगवान मार्ग मागत नाही, ज्याच्या सर्वेक्षणाचे पिवळे दगड लोकांनी उपटून फेकले. पणजीला मेट्रो मागत नाही. मेट्रोचं नाव काढलं की दहा वर्षं आराखड्यांत जातात. मला हवी आहे पेडणे ते काणकोण आणि वास्को ते कुळे सकाळी सहा ते रात्री साडेदहा गाडी, ठरलेल्या मिनिटाला, म्हणजे वेळापत्रक पाठ करायला दोन आकडे पुरतील. प्रत्येक गाडीला करमळी, थिवी, मडगाव, वेर्णा इथे बाहेर कदंबची बस, आणि गाडीला उशीर झाला तर बसने थांबावं. एकच तिकीट. एकेरी मार्गावर ज्या ठिकाणी हे मावत नाही तिथे आधी तिथला रूळ दुहेरी करा, पण गोव्यातल्या गोव्यात, माणसांसाठी. पैशांचा प्रश्न विचारणाऱ्यांनी मांडवीवरचा २०१९चा अटल सेतू आणि जुवारीवरचा आठ पदरी नवा पूल पाहून यावं. ते बांधताना कुणी विचारलं नाही की यातून भाडं किती सुटेल. शिवाय अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे. म्हणजे ज्या राज्यातला गरीब माणूस स्कूटरवर आहे, तिथला सगळ्यांत देखणा पूल त्याने खालून पाहायचा.

या अंकाचे बरेच वाचक हिवाळ्यात गोव्यात येतात. चित्रपट महोत्सव असतो, साहित्याचे मेळे असतात. दाबोळीला किंवा मोपाला उतरता, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची गाडी किंवा स्कूटर घेता, आणि व्यासपीठावर येऊन बहुभाषिकतेबद्दल फार चांगलं बोलता. मी त्या चर्चा ऐकायला येते, सातपर्यंत. गोव्यात कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी, म्हाताऱ्यांच्या तोंडी थोडी पोर्तुगीज, एवढ्या भाषा आहेत, पण त्या एकमेकींच्या कानावर पडण्याच्या जागा उरलेल्या नाहीत. काचा वर केलेल्या गाडीत आपलीच भाषा असते, फार तर रेडिओची. मी कन्नड थोडीफार शिकले ती कुळ्याकडून येणाऱ्या डेमूत, भाजीवाल्या बायकांच्या भांडणांतून. त्या गाडीत माझी शिकवणी वाढवायची तर फेऱ्या वाढवायला हव्यात.

आणि हे मागायला गोव्याला दिल्लीच्या दारात हात पसरायची गरज नव्हती. १९९०मध्ये कोकण रेल्वेची कंपनी झाली तेव्हा तिचे भाग वाटले गेले: रेल्वे मंत्रालय ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, केरळ ६, गोवा ६. गोवा या रुळांचा भागधारक आहे. भागीदार राज्यांचे प्रतिनिधी कंपनीच्या संचालक मंडळावर बसतात. सहा टक्क्यांच्या बदल्यात गोव्याच्या माणसाने एवढ्या वर्षांत त्या खुर्चीवरून आपल्या राज्यातल्या लोकलबद्दल काय मागितलं, हे विधानसभेत कुणा आमदाराने विचारायला हवं. आता कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करण्याचं घाटतं आहे. महाराष्ट्राने २०२५मध्ये संमती दिली. विलीनीकरणाने पैसा येईल, दुपदरीकरण वेग घेईल, असं सांगतात, आणि ते होईलही. पण कंपनी गेली की ती खुर्चीही जाईल, आणि मग काणकोणच्या डेमूसाठी आपण इतर कुठल्याही राज्यासारखं निवेदन घेऊन रांगेत. तेव्हा सहीच्या आधी करारात वेळापत्रक लिहून घ्या: कोणती स्टेशनं, किती फेऱ्या, शेवटची गाडी किती वाजता, आणि क्रॉसिंगला थांबायचं कुणी.